अर्ध्या उंचीची शिखरं

बोटातून घेतलेला थेंब दोन मिलिलिटर द्रावणात पडला. तंत्रज्ञ मुलीने नळी हलवली, घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं थांबायचं. गडचिरोलीतल्या एका गावी, शाळेच्या ओसरीवर सिकलसेलची तपासणी चालली होती. वेळ झाल्यावर तिने नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरला. द्रावण गढूळ होऊन रेघा लपल्या, तर सिकल आहे. वाहक की रुग्ण, हे मात्र या नळीला कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे जातो.

रांगेतली एक बाई म्हणाली, "लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली जी, रक्त काई वाढत नाई." तिच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या.

सिकल म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन जनुकातली एका अक्षराची चूक. त्याच हिमोग्लोबिनच्या आल्फा-ग्लोबिन जनुकात बहुधा भानगड संख्येची असते. आईकडून दोन, वडिलांकडून दोन, अशा चार प्रती हव्यात. आदिवासींमध्ये अनेकांकडे तीन किंवा दोनच असतात. 3,700 अक्षरांच्या आसपासचा तुकडा गळालेला. लाल पेशी बारीक राहतात, आणि ते लोहाने सुधारत नाही. गंमत म्हणजे सिकल रुग्णात हीच उणीव पेशी फुटणं कमी करते.

प्रतींची मोजणी मी पुढे एका प्रयोगशाळेत पाहिली. जनुकाच्या तुकड्यातुकड्यावर खुणा चिकटवतात, त्या वाढवतात, पडद्यावर शिखरं उमटतात. दोनऐवजी एकच प्रत असेल तिथलं शिखर निम्मं. निम्म्या शिखरांची रांग कुठे संपते, त्यावर सगळं अवलंबून.

कारण आल्फाची जनुकं सोळाव्या गुणसूत्राच्या अगदी टोकाजवळ आहेत. झाडीपट्टीच्या बोलीत सांगायचं तर धुऱ्याकाठची बांधी, म्हणजे बांधाकडेचं भातखाचर. आपलीच बांधी वाहून गेली तर भागतं. शेजारच्या पन्नास गेल्या तर नाही. 1981 मध्ये डॉक्टर वेदरॉल आणि सहकाऱ्यांनी उत्तर युरोपीय वंशाची तीन मुलं नोंदवली: आल्फाची मोठी उणीव, जी त्या लोकांत सहसा आढळत नाही, आणि सोबत बौद्धिक अक्षमता. अशा काही मुलांत गुणसूत्राचं टोकच तुटलेलं असतं, असं पुढे दिसलं. तुकडा दहा-वीस लाख अक्षरांचा असला, की शेजारची कित्येक जनुकंही एका प्रतीवर येतात.

हिमोग्लोबिनच्या अशा विकारांसाठी चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) केंद्र आहे. 11 डिसेंबर 2022 ला त्याचं लोकार्पण झालं. ओसरीवरच्या तपासणीत मात्र प्रती मोजत नाहीत. बाईच्या चिठ्ठीवर 'निगेटिव्ह' लिहिलं गेलं. जाताना तिच्या हातात गोळ्यांची नवी पट्टी होती.