तीन पिढ्यांचा झाडू

"काकू, आई पुढच्या वर्षी रिटायर होतेय. सगळे म्हणतात, तिच्या जागी लाग. पण मी बी.ए. कशाला केलं मग?"

वस्तीतल्या बालवाडीमुळे या घरी माझं जुनं येणं-जाणं. हिचे पणजोबा स्वातंत्र्याच्या आधी हरियाणातून आमच्या गावात सफाईच्या कामाला आले. मग आजोबा, मग वडील. वडील अकाली गेले, तेव्हा आईच्या हाती झाडू आला. घरात हिंदी असली, तरी पोरीचं मराठी माझ्या मुलांपेक्षा शुद्ध!

लाड-पागे समितीच्या १९७५च्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. या आधाराला मी नावं ठेवणार नाही. त्याच पगारावर तीन मुलं शिकली. पण हिला क्लार्कच्या परीक्षेला बसायचंय, आणि राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा. अनुसूचित जातीसाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. पणजोबा निरक्षर, घर भाड्याचं. कागद कुठून आणायचा?

म्हणजे बघा, झाडूसाठी ही आपली, खुर्चीसाठी परकी!

आमच्या भिशीत हा विषय निघाला, तर एकजण पटकन म्हणाली, "परप्रांतीयांना कशाला इथल्या नोकऱ्या?" मी विचारलं, "तुझ्या दारासमोरचा रस्ता पहाटे कोण झाडतं गं?" ती गप्प बसली. खरं सांगायचं तर मलाही तोवर हे सुचलं नव्हतं.

मग आम्ही दोघी जुन्या शाळेत गेलो. तीन खेपा झाल्या. शेवटी शिपायाने माळ्यावरची रजिस्टरं काढून दिली. आजोबांचं नाव सापडलं, इयत्ता पहिली, साल १९४८, पुढे जातही लिहिलेली. पोरगी त्या पिवळ्या पानावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली.

अर्ज दिलाय. दाखला अजून हातात नाही, परीक्षा तर पुढेच आहे. तिची आई मला म्हणाली, "ताई, झाडूची लाज नाही. त्यानंच घर चाललं. पण तीन पिढ्या झाल्या. आता एकीला तरी टेबलापलीकडे बसू दे."

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतही अशी एखादी मुलगी असेल. तिच्या आजोबांची शाळा कुठली, एवढं तरी विचारा. आणि जमलं तर रजिस्टर शोधायला तिच्याबरोबर जा.