एल्व्हास: मुंबई आंदण देणाऱ्यांची वेस

लिस्बनहून पूर्वेला दोनशेएक किलोमीटर गेलं, की ऑलिव्हच्या बागांपलीकडे टेकडीवर एल्व्हास लागतं. समोर स्पेनचं बादाहोस, तटावर उभं राहिलं की दिसेल इतकं जवळ. हा शेजारच गावाच्या तटबंदीचं कारण. कोरड्या खंदकाची जगातली सर्वांत मोठी बुरुजबंद तटबंदी म्हणून ती ओळखली जाते. २०१२ मध्ये युनेस्कोनं गावासकट तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

रायगड-राजगडाला सरावलेल्या डोळ्यांना मात्र ती प्रथम बेताचीच वाटेल. कडे नाहीत, उंच बुरूज नाहीत. तट बुटके, जाड, मागे कललेले. कारण ते तोफांच्या काळातले आहेत. उंच भिंत तोफेला आयतीच सापडते. १६४० मध्ये पोर्तुगालनं स्पेनच्या राजाची साठ वर्षांची सत्ता झुगारली आणि ही वेस बांधून काढणं निकडीचं झालं. १६४३ पासून कोस्मांडेर या डच जेझुइट पाद्र्याच्या आराखड्यानुसार काम चाललं. प्रत्येक कोनी बुरुजावरून शेजारच्या तटाच्या पायथ्यापर्यंत मारा करता येतो, शत्रूला आडोसा म्हणून उरत नाही. वसईचे बाणाच्या टोकासारखे बुरूज पाहिलेल्यांना हे घराणं ओळखीचं वाटेल.

या तटाची खरी कसोटी लागली ती १६५८च्या अखेरीस. वेढा पडला, आत रोगाची साथ पसरली. १४ जानेवारी १६५९ रोजी मदतीला आलेल्या पोर्तुगीज फौजेनं स्पॅनिश सैन्याची दाणादाण उडवली. तरी युद्ध संपलं नाही. त्याच वर्षी फ्रान्सनं स्पेनशी तह केला आणि पोर्तुगाल एकटा पडला. मग इंग्लंडची मदत मिळवण्यासाठी १६६१ मध्ये राजकन्या कॅथरीनचा विवाह दुसऱ्या चार्ल्सशी ठरवला, आंदणात मुंबई दिली. आपल्या इतिहासात हे लग्न एका ओळीत उरकतं. त्यामागची धास्ती समजून घ्यायची तर इथे यावं.

उत्तरेच्या टेकडीवर वेढ्यात स्पेननं तोफा चढवल्या होत्या. तो धडा घ्यायला शंभर वर्षं लागली. ग्रासाचा किल्ला तिथे १७६३ ते १७९२ मध्ये उभा राहिला, पुढे तुरुंग झाला. मला स्वतःला त्याहून आमोरेइराचा जलसेतू मोठा वाटतो. ८४३ कमानी, कुठे कुठे तीस मीटरच्या वर उंची. सोळाव्या शतकात सुरू झालेलं काम पाण्यासाठी खास कर बसवून रेटलं, तेव्हा कुठे १६२२ मध्ये गावात पाणी खेळलं. पण कमानी तटाबाहेर, शत्रूला सहज तोडता येतील अशा. म्हणून पुढे तटाच्या आत मोठं टाकंही बांधलं.

आता सीमेवर कुणी अडवत नाही. २००६ मध्ये एल्व्हासचा प्रसूती विभाग बंद झाला, तेव्हापासून इथल्या बाया बाळंतपणाला बादाहोसच्या रुग्णालयात जाऊ लागल्या.