बिघाड एकटे येत नाहीत

२६ एप्रिल १९९३ च्या दुपारी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या जवळजवळ टोकाला जाऊन उचलले गेले. टोकापासून सुमारे ४१० फुटांवर बीडचा रस्ता, आणि त्यावरून नेमका तेव्हाच कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला. विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला, पुढे विमान उच्चदाबाच्या तारांत अडकून कोसळले. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीने दोन कारणे नोंदवली: वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नाही. एक कारण आकाशातले, दुसरे रस्त्यावरचे. दोन्हींची जबाबदारी वेगवेगळ्या माणसांकडे होती. त्या दोन्हींना एकाच कागदावर मांडणारे कोणी नसले की काय होते, ते त्या दुपारी दिसले. गुंतागुंतीची यंत्रणा किती भरवशाची आहे हे संगणकावर चालवून पाहण्याचे, म्हणजे सिम्युलेशनचे, जे तंत्र आज उपलब्ध आहे, त्याचे खरे मोल हेच आहे. ते भविष्य सांगत नाही. बिघाड एकमेकांना ओळखत नाहीत, हे आपण नकळत धरून चाललेले गृहीतक ते उघडे पाडते.

अशा अपघाताला आपण योगायोग म्हणून मोकळे होतो. तो योगायोग जरा मांडून पाहू. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, त्या दिवसाचे नाहीत. समजा, उंच भरलेला ट्रक दर दहा मिनिटांनी एक जातो आणि विमान वरून जाताना तो धोक्याच्या जागी असण्याचा अवधी सात सेकंदांचा आहे. म्हणजे सहाशे सेकंदांतले सात, साधारण १.२ टक्के. विमान धोकादायक उंचीवरून रस्ता ओलांडण्याचा प्रसंग लाखात एक धरला आणि दिवसाला दोन उड्डाणे धरली, तर गुणाकाराचे उत्तर येते सुमारे बारा हजार वर्षांतून एकदा. एवढा आकडा पाहिल्यावर त्या रस्त्याचा विचार करायला कोण बसेल? पण ‘लाखात एक’ हा अंदाज साध्या दिवसांवरून बांधलेला आहे. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर घटतो. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचावर आहे, तिथली हवा मुळातच थोडी विरळ. भरलेल्या विमानाला अशा वेळी जास्त लांब धावावे लागते. समजा, वीसपैकी एक उड्डाण अशा परिस्थितीत होते आणि त्यांत दोनशेत एक विमान फार खालून जाते. शिवाय रस्त्यावर वर्दळ वाढून मिनिटाला एक उंच ट्रक जाऊ लागतो. आता तेच गणित सुमारे सत्तेचाळीस वर्षांतून एकदा असे उत्तर देते. धावपट्टी तीच, रस्ता तोच. फक्त अंदाजातून निसटलेला वाईट दिवस आणि वाढलेली वर्दळ हिशेबात घेतली.

वर तीन-चार गोष्टीच होत्या म्हणून हे कागदावर जमले. खऱ्या यंत्रणेत शेकडो भाग असतात. ते वेगवेगळ्या वेळी बिघडतात, दुरुस्त होतात, एकमेकांची वाट पाहतात, एकमेकांवर भार टाकतात. त्यासाठी सूत्र मांडायला गेले की सूत्रच आवाक्याबाहेर जाते. १९४६ साली स्टानिस्लाव उलाम हा गणिती आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव खेळून मोजणे सोपे, हे त्याच्या लक्षात आले. जॉन फॉन नॉयमान आणि निकोलस मेट्रोपोलिस यांच्या साथीने लॉस अलामॉसमध्ये ही कल्पना न्यूट्रॉनांच्या प्रवासाला लावली गेली आणि माँटे कार्लो पद्धत जन्माला आली. यंत्रणेच्या विश्वासार्हतेलाही तीच लागू पडते: यंत्रणेचे एक वर्ष संगणकावर जगायचे, कुठे काय मोडले ते लिहून ठेवायचे, पुन्हा नवे वर्ष सुरू करायचे, आणि अशी हजारो वर्षे जगून झाल्यावर मोजायला बसायचे.

हे काम जवळून कसे दिसते, त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या रोजच्या काळजीचा विषय घेऊ. पैठणजवळच्या नाथसागरातून उपसलेले पाणी फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते, तिथून नक्षत्रवाडीला आणि पुढे शहरातल्या टाक्यांत. वाटेत पंप, व्हॉल्व्ह, मैलोगणती जलवाहिनी, वीज. सगळी साखळी आहे, एक कडी सुटली की नळ कोरडा. मॉडेलमध्ये प्रत्येक पंपाला एक घड्याळ दिले जाते. समजा, पंप सरासरी ९०० तास चालल्यावर बिघडतो. संगणक शून्य ते एक यांमधला एक आकडा उचलतो, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन, त्याचे ऋण चिन्ह काढून, ९०० ने गुणतो आणि त्या पंपाची बिघडण्याची वेळ ठरवतो. आकडा ०.३७ निघाला तर पंप ८९५ तास चालतो, ०.०५ निघाला तर २६९६ तास, आणि ०.९२ निघाला तर अवघे ७५ तास. सरासरी तिन्ही पंपांची एकच, पण एक पंप चौथ्याच दिवशी बसला. प्रत्यक्षात पंप सांभाळणाऱ्या माणसाला हे माहीत असतेच, ‘सरासरी’ असा पंप त्याने कधी पाहिलेला नसतो.

साठवणीच्या टाकीचा हिशेब तर याहून बोलका आहे. समजा, उपसा बंद पडला तर टाकीतले पाणी सहा तास पुरते आणि दुरुस्तीला सरासरी पाच तास लागतात. सरासरीच्या हिशेबाने टाकी पुरेशी आहे, तासभर शिल्लकही राहते. पण दुरुस्तीचा वेळ सरासरीभोवती पसरलेला असतो. बऱ्याच दुरुस्त्या तास-दोन तासांत उरकतात आणि काही पंधरा तास चालतात. नेहमी वापरतात त्या घातांकी वितरणाने पाहिले तर दहापैकी तीन बिघाड सहा तासांच्या पुढे जातात, म्हणजे दर दहा बिघाडांत तीनदा टाकी रिकामी. त्यात पहिल्या बिघाडानंतर टाकी पुन्हा भरायच्या आतच दुसरा झाला, दुरुस्तीची तुकडी एकच आणि ती दुसरीकडे गुंतलेली, असे प्रसंग आले की सूत्र हात टेकते. सिम्युलेशन मात्र तास-तास पुढे सरकत राहते आणि टाकीची पातळी लिहून ठेवते.

यापुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. समजा, एका ठिकाणी चार पंप आहेत आणि दोन चालले तरी भागते. प्रत्येक पंप ९० टक्के वेळ सुस्थितीत असतो. चौघांचे बिघाड स्वतंत्र धरले तर वर्षात जेमतेम सव्वा ते दीड दिवस उपसा बंद राहील. आता या चौघांना वीज देणारा फीडर ९८ टक्के वेळच चालू असतो, एवढी एक गोष्ट मॉडेलमध्ये घाला. बंद दिवस होतात ८.६. पाचवा पंप बसवला तर ७.५. पंप तेच ठेवून खरोखर स्वतंत्र असा दुसरा फीडर आणला तर १.५. लाखो रुपयांचा पाचवा पंप वर्षाचा जेमतेम एक दिवस वाचवतो, दुसरा फीडर सात दिवस. मात्र दोन्ही फीडर एकाच उपकेंद्रातून निघत असतील, एकाच खांबांवरून येत असतील, तर वळवाच्या एका वादळात दोन्ही एकदम जातात आणि तो फायदा कागदावरच राहतो. त्याहीपुढे, वीज अचानक गेली की धावते पाणी थबकते, जलवाहिनीत दाबाची लाट उसळते आणि जुनी वाहिनी नेमकी तेव्हाच फुटते. म्हणजे विजेचा बिघाड वाहिनीच्या बिघाडाला जन्म देतो. दोघांची शक्यता वेगवेगळी मोजून गुणणे ही इथे सरळ सरळ चूक आहे. वादळे येतात मे महिन्यात, पाण्याची मागणी सर्वाधिक असते तीही मेमध्येच, हे आणखी वर.

जगाने ही किंमत पुन्हा पुन्हा मोजली आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेला राखीव जोडी होती, पण दोन्हींत एकच सॉफ्टवेअर होते, त्यामुळे एकीला जो आकडा झेपला नाही तो दुसरीलाही झेपला नाही. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज तोडली आणि त्याच भूकंपाने उठवलेल्या त्सुनामीने आणीबाणीची डिझेल जनित्रे बुडवली. जनित्रे अनेक होती, पण बहुतेक सारी एकाच पाण्याच्या वाटेत. राखीव साधनांची संख्या मोजून सुरक्षितता मोजता येत नाही. त्यांना एकत्र पाडू शकेल असे काय आहे, ते शोधावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकड्यांचा. आपल्याकडे बिघाडांच्या नोंदी धड ठेवल्या जात नाहीत. पंप ९० टक्के वेळ चालतो हे कशावरून? मॉडेलमध्ये कचरा घातला तर बाहेरही कचराच येणार. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर सिम्युलेशन सोडून देणे हे नाही. पंपाचा आकडा ८५ टक्के धरून वरचेच गणित पुन्हा करा: चार पंपांवर ११.६ दिवस बंद, पाचवा पंप घेतला तर ८.१, दुसरा फीडर घेतला तर ४.५. पंपाचा आकडा ९५ टक्के धरला तर अनुक्रमे ७.५, ७.३ आणि जेमतेम काही तास. दिवसांचे आकडे हलले, निर्णय हलला नाही. पैसे आधी कुठे घालायचे याचे उत्तर तिन्ही वेळा एकच आले. उत्तर उलटले असते, तर नेमकी कोणती नोंद काटेकोर ठेवायला हवी ते कळले असते. नोंदी नाहीत म्हणून मॉडेल करायचे नाही, आणि मॉडेल नाही म्हणून कोणत्या नोंदी हव्यात ते कळत नाही, हे चक्र मॉडेलनेच तुटते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जे सुचलेच नाही ते मॉडेलमध्ये येणार कसे? १९९३ नंतर बीड रस्त्याचे गणित कोणीही करील, आधी कोणी केले असते का? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. कोणतेही मॉडेल आपल्या कल्पनेपलीकडे जात नाही. पण मॉडेल बांधताना आराखड्यातल्या प्रत्येक बाणाला दोन टोके द्यावी लागतात. विमान कुठून कुठे जाते, त्या वाटेत काय काय आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे, हे लिहिल्याशिवाय प्रोग्राम चालतच नाही. वैमानिक, विमानतळ आणि रस्ता यांच्यामधली रिकामी जागा माणसाच्या बोलण्यात सहज लपते, प्रोग्राममध्ये लपत नाही. शिवाय काही उपाय असे असतात की त्यांना नेमक्या आकड्यांची गरजच पडत नाही. उड्डाणाच्या वेळी रस्ता बंद ठेवला, तर ट्रक दहा मिनिटांनी येवो की मिनिटाला, गुणाकारातली ती संख्याच शून्याकडे जाते. असे उपाय ओळखता येणे, हे सिम्युलेशनचे आकड्याहून मोठे फळ आहे.

तिसरा आक्षेप अनुभवी माणसांचा असतो: वीस वर्षे यंत्रावर घालवलेल्या फिटरला हे सगळे संगणकाविना कळते. बरेचसे कळते, हे मान्य. कोणता पंप कुरकुरतो, कोणता जोड गळतो, हे तोच सांगेल आणि मॉडेलमध्ये सर्वांत मोलाची माहिती त्याच्याकडूनच येते. पण वर्षानुवर्षे न घडलेल्या घटनेचा अनुभव कोणालाच नसतो. उलट, काही घडले नाही याचा अनुभव दिवसेंदिवस साठतो आणि तोच सुरक्षिततेचा पुरावा वाटू लागतो. इथे संख्याशास्त्र थोडे कठोर आहे. हजार वेळा चालवून एकदाही बिघाड दिसला नाही, तर बिघाडाची शक्यता हजारात तीनपर्यंत असू शकते, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. हाच नियम सिम्युलेशनलाही लागू आहे. उत्तरातली अनिश्चितता निम्मी करायची तर फेऱ्या चौपट कराव्या लागतात, आणि दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट दहा टक्क्यांच्या अचूकतेने मोजायची तर सुमारे दहा कोटी फेऱ्या. म्हणून ‘यंत्रणा ९९.९९७ टक्के भरवशाची’ असा एकटाच छापलेला आकडा दिसला, तर किती फेऱ्यांवरून आणि कोणत्या गृहीतकांवर, हे विचारणे आपला हक्क आहे.

आपल्याकडे हे ज्ञान परके नाही. विश्वासार्हता अभियांत्रिकी देशात शिकवली जाते, आणि इथल्या चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज औद्योगिक पट्ट्यात यंत्रांची नाडी ओळखणारे हात हजारोंनी आहेत. कमी आहे ती मागणी. कोट्यवधींची पाणीयोजना, रुग्णालयाची ऑक्सिजन व्यवस्था, विमानतळाचा विस्तार यांच्या अहवालात क्षमता किती आणि खर्च किती हे ठळक असते. त्यात आणखी तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात: कोणते बिघाड स्वतंत्र धरले आणि का, कोणत्या एका घटनेने दोन किंवा अधिक साधने एकदम पडू शकतात, आणि आकडे थोडे बदलले तर निर्णय बदलतो का. यासाठी महागडा संगणक लागत नाही, साध्या लॅपटॉपवर हे काम होते. लागते ती आपली गृहीतके चारचौघांसमोर लिहून दाखवण्याची तयारी. करदात्याने, नगरसेवकाने, पत्रकाराने ती मागितली पाहिजे आणि अभियंत्याने न मागता दिली पाहिजे, कारण न लिहिलेल्या गृहीतकाची किंमत ते गृहीत धरणारा मोजत नाही, त्या यंत्रणेवर विसंबलेली माणसे मोजतात.