रोजचे तीस लाख टन

२०१९च्या पशुगणनेत देशातली गाई-बैल आणि म्हशींची संख्या ३० कोटींवर गेली. जनावरामागे दिवसाला सरासरी १० किलो शेण धरलं, तर रोजचं होतं ३०० कोटी किलो, म्हणजे ३० लाख टन! १० टनी ट्रकांत भरायचं तर ३ लाख ट्रक लागतील. ते एकामागे एक उभे केले तर मुंबईतून निघालेली रांग दिल्ली गाठून माघारी वळेल. उद्या पुन्हा तेवढीच.

आता उलटा हिशेब. कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, टनामागे ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते सुमारे २१ किलो. एका गोणीची बरोबरी करायला ४ टन शेणखत हवं! गोणी मोटारसायकलवर येते, खताला ट्रॉली लागते. शेतकरी गोणीकडे वळला यात नवल नाही.

त्यात हे तुटपुंजं नत्रही टिकत नाही. उघड्या उकिरड्यावरून ते अमोनिया होऊन उडतं, पावसात वाहून जातं. गोवरी जाळली तर नत्र हवेत जातं, चुलीत राख उरते.

गोबरगॅसमध्ये मात्र २५ किलो ओल्या शेणातून साधारण १ घनमीटर गॅस मिळतो आणि नत्र बहुतांशी स्लरीत राहतं. गुजरातेत आणंदजवळच्या झकारियापुऱ्यात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकारानं घरोघरी असे संच बसले. चूल गॅसवर पेटते आणि उरलेली स्लरी बायकांची सहकारी संस्था विकत घेऊन तिचं खत करते.

पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी तर शेणाला विरजणाचं काम दिलं. १० बाय ६ बाय ३ फुटांच्या, भिंतीत भोकं ठेवलेल्या विटांच्या टाकीत १०० किलो शेण, दीड टनाच्या आसपास काडीकचरा, पावणेदोन टन माती आणि भरपूर पाणी. साडेतीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन ‘नाडेप’ खत तयार!

वर्षाचं शेण ११० कोटी टन. ओल्या शेणात नत्र ०.३ टक्के धरलं, तरी ३३ लाख टन भरतं. युरियाच्या भाषेत तब्बल १६ कोटी गोण्या. शिवाय शेणखतातून जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. युरियाच्या गोणीत तो नसतो. या १६ कोटींपैकी किती गोण्या शेतात पोचतील, हे गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठरतं.