वांद्र्यातून थिंफू, कोलंबोपर्यंत

यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. यूपीआयची क्यूआर पद्धत परदेशात सर्वप्रथम भूतानने २०२१मध्ये स्वीकारली. २०२४मध्ये श्रीलंका आणि नेपाळमधल्या दुकानांतही ती सुरू झाली. भूतानचे चलन रुपयाशी एकास एक बांधलेले आहे, नेपाळचे १.६० ला एक. त्यामुळे तिथला हिशेब सोपा.

अडतो तो माल. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६पासून लागू असूनही करारातल्या देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. कारणे: करारातून वगळलेल्या वस्तूंच्या लांबलचक याद्या, सीमेवर खोळंबणारे ट्रक आणि सर्वात जड म्हणजे भारत-पाकिस्तान वैर. २०१४च्या काठमांडू परिषदेनंतर सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद भरलेलीच नाही. हे वैर निवळेपर्यंत भारत-श्रीलंका करारासारखे (२०००पासून लागू) दोघा-दोघांचे करारच वाढवायला हवेत.