दहावीनंतर कोणती वाट? टक्के पाहा, पण मुलाचा हातही पाहा

दहावीचा निकाल लागला की बाजारात पेढे वाटले जातात आणि एकच प्रश्न विचारला जातो, 'किती टक्के?' जास्त असले तर सायन्स, कमी असले तर 'बसवा दुकानात' नाहीतर 'लावा मागावर'. ताका घेताना आपण पन्हा मोजतो, सूत पाहतो, वीण तपासतो आणि मगच भाव ठरवतो. पोटच्या मुलाचा भाव मात्र एका आकड्यावर!

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पुतण्याला ५४ टक्के पडले. भाईजान म्हणाले, "आयटीआयला घातला तर बिरादरीत तोंड कसे दाखवू?" मुलगा सायन्सला गेला. बारावीत दोनदा नापास झाला, तीन वर्षे गेली. हाच मुलगा घरचा पंखा आणि मागाची मोटर उघडून दुरुस्त करायचा. आम्ही सर्वांनी ते पाहिले होते, पण हिशेबात धरले नाही. मीही गप्प बसलो, ही माझी चूक. शेवटी त्याने इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केला. आज मोटर बिघडली की कारखानदार त्यालाच बोलावतात. गेलेली तीन वर्षे मात्र परत आली नाहीत.

आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा गैरसमज आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. शिवाय १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. मुंबईत भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना डिप्लोमाची इंग्रजी जड जाते. त्यासाठी निकालाची वाट न पाहता सुट्टीतच इंग्रजीची तयारी सुरू करावी.

आपल्या धंद्यालाही शिकलेली माणसे हवीत. रॅपियर आणि एअरजेट मागाला नुसता जुना जॉबर पुरत नाही, इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा लागतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, तेव्हापासून वही-खात्याचे कामही बदलले. म्हणून कॉमर्स शिकलेला मुलगा दुकानाला भारी नाही, आधार आहे. मुलींसाठीही शिवणकामापासून कॉम्प्युटरपर्यंत एक वर्षाचे कोर्स आयटीआयत आहेत. आणि ज्याला डॉक्टर व्हायचे आहे, ज्याची अभ्यासाची तयारी आहे, त्याला पैशासाठी जबरदस्तीने दुकानात बसवू नका.

तेव्हा बंधूंनो, यंदा फॉर्म भरण्यापूर्वी तीन गोष्टी करा. मुलाला स्वतःला विचारा. त्याच्या शिक्षकांना भेटा. आणि त्या कामातल्या एखाद्या कारागिराकडे त्याला आठ दिवस पाठवा. बिरादरी दोन दिवस बोलेल; काम मुलाला जन्मभर करायचे आहे.