नाव लपलं की भीड चेपते



निनावी पत्र आपल्या गावांना नवं नाही. सोयरीक जुळत आली की मुलाकडच्या घरी एखादं पत्र येऊन पडायचं. खाली सही नाही, नुसतं 'तुमचा हितचिंतक'. लग्न मोडायचं, आणि लिहिलं कोणी हे मुलीला कधीच कळायचं नाही. आता तेच काम मोबाईलवर खोटं खातं उघडून होतं. मुलीचा फोटो उचलायचा, तिच्या नावानं घाण लिहायची. पत्र एका घरी जायचं, हे तासाभरात गावभर होतं.

समोरासमोर हेच बोलायला त्या माणसाची जीभ रेटणार नाही. समोर तिचा चेहरा असतो, उद्या पिठाच्या गिरणीवर गाठ पडणार असते. खोट्या नावाआड ही भीड उरत नाही. तिचं रडणंही त्याला दिसत नाही.

अमेरिकेतला एक प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. तिथे एका सणाला मुलं सोंगं घेऊन घरोघरी गोळ्या मागतात. 'एकेकच घ्या' असं सांगून घरची बाई आत जायची. ज्या मुलांना नाव-पत्ता विचारला नव्हता त्यांनी जास्त गोळ्या उचलल्या, आणि टोळीनं आलेल्या बिननावाच्या मुलांनी सगळ्यात जास्त. ती मुलं काही चोर नव्हती.

टोळीत काय होतं ते आपल्या महाराष्ट्रानंही पाहिलं आहे. 2018 साली 'मुलं पळवणारी टोळी आली' असे मेसेज फोनोफोनी फिरत होते. पहिल्यांदा कोणी लिहिलं, पत्ता नाही. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर पाकिस्तानातल्या कराचीचा होता, मुलांना जपा हे सांगणारा. पळवलेलं मूल परत आणून सोडतात तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती, मंगळवेढ्याकडची. जमावातही कोणाला नाव नसतं.

नाव लपवणं दरवेळी वाईटच असं मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात चोरट्या दारूची खबर देणाऱ्या बाईनं नाव झाकलं नाही तर तिनं गावात राहायचं कसं? ती स्वतःला वाचवायला नाव झाकते, दुसऱ्याला ओरबाडायला नाही.

आता असं कोणाच्या लेकीवर आलं, तर आधी तिचा मोबाईल हिसकावू नका. लोक हेच करतात, आणि पुढच्या वेळी पोरगी घरात तोंड उघडत नाही. मेसेज पुसू नका. खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मगच ते खातं ब्लॉक करा. खातं खोटं असलं तरी मागचा नंबर आणि इंटरनेटची जोडणी खरी असते, त्यावरून पोलीस माग काढू शकतात. तक्रारीसाठी 1930 हा नंबर आहे, सायबर क्राईमचं सरकारी पोर्टल आहे.

धमकी आली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 351 सांगा. नाव लपवून धमकावणाऱ्याला धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंग्रजांच्या 1860 च्या कायद्यातही हे होतं, तेव्हा ते निनावी पत्रांसाठी. ठाण्यात मात्र पोरीला एकटी पाठवू नका, गटातल्या दोघी जणी सोबत जा.